इथिओपियातली साडेनऊशे डॉलरची प्राध्यापकी: घ्यावी की सोडावी?

मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात प्रकरण असं आहे. इंग्रजीत एम.ए., सेट (प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली, सात वर्षं तासिका तत्त्वावर. वर्षाकाठी हातात दोन-सव्वादोन लाख, तेही दिवाळी उलटून गेल्यावर. आता इथिओपियातल्या सरकारी विद्यापीठात लेक्चररची ऑफर आली आहे. महिना ९५० डॉलर, राहायला घर, आठवड्याला अठरा तास, दोन वर्षांचा करार. विद्यापीठ कोणतं ते ‘अदिस अबाबाला पोचल्यावर कळेल’ म्हणे. एजंट ७५,००० रुपये मागतोय. तुमचे मिस्टर पतसंस्थेत नोकरीला आहेत, मुलगी तिसरीत आहे. आणि तुम्ही विचारता, ‘पगार कमी आहे, पण इथल्यापेक्षा बरा. जाऊ का?’

मी २००८ ते २०१२ तिथे दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवलं, पुढे सहा वर्षं ओमानमध्ये काढली. परत आल्यापासून ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांची करारपत्रं वाचून दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफर आज ज्या रूपात आहे तशी घेऊ नका. एजंटला एक रुपया देऊ नका. पण दार लावूनही टाकू नका. खाली लिहिलेल्या गोष्टी विद्यापीठाच्या लेटरहेडवर आल्या, तर एका वर्षासाठी जायला माझी हरकत नाही.

तुम्ही हिशेब असा केलाय: ९५० गुणिले १२, डॉलर ८५ रुपयांना धरून वर्षाला ९ लाख ६९ हजार. आपण सगळे पहिल्या रात्री हाच हिशेब करतो, मीही केला होता. यातला एकेक आकडा आता तपासू.

आधी बारा. तिथलं शैक्षणिक वर्ष साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि जून-जुलैला संपतं. त्यानंतर किरेम्त, म्हणजे पावसाळ्याची सुट्टी. करार दहा महिन्यांचा आहे की बारा? ‘दोन वर्षं’ या शब्दात अशा दोन सुट्ट्या बिनपगारी बसू शकतात. दहा महिन्यांचा असेल तर तुमचे ९ लाख ६९ हजार तिथल्या तिथे ८ लाख ७ हजारांवर येतात. किरेम्तमध्ये नोकरी करणाऱ्या शाळाशिक्षकांचे वर्ग असतात. ते तुमच्या अठरा तासांत धरले आहेत की वेगळे पैसे मिळणार, हेही विचारा.

मग ९५०. हा आकडा करापूर्वीचा की कर कापून? परदेशी शिक्षकांचे काही करार करमुक्त असतात, काही नसतात. इथिओपियात पगारावरच्या कराचा वरचा दर ३५ टक्के आहे, आणि हा वरचा टप्पा फार खाली सुरू होतो. डॉलरमधला कुठलाही पगार त्यात अलगद जाऊन बसतो. कर लागू असेल तर तुमच्या ९५० मधले जवळजवळ तिसरा हिस्सा कापून सव्वासहाशेच्या आसपास हातात येतील. खाणं-पिणं, फोन, बस, महिन्यातून एखादी शहरवारी यात घर फुकट असूनही दोन-अडीचशे जातील असं धरा. म्हणजे करमुक्त करारात वर्षाला सात लाख शिल्लक, करासहित करारात चार. विमानाचं तिकीट तुमच्या डोक्यावर असेल तर त्यातून आणखी वजा. ऑफर तीच, फक्त एका शब्दाने तीन लाखांचा फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘डॉलर’. पगार डॉलरमध्ये ठरणं वेगळं, डॉलरमध्ये मिळणं वेगळं आणि डॉलर होऊन सांगलीत-साताऱ्यात पोचणं आणखी वेगळं. हातात पडतात ते बिर, म्हणजे तिथलं चलन.

आमच्या व्हरांड्यात माझ्या शेजारच्या खोलीत गुंटूरकडचे एक सर होते. एकाच वर्षी आलो, हुद्दा एक, पगारही जवळपास सारखा. फरक इतकाच की माझ्या करारात ‘इतके डॉलर, त्या दिवशीच्या बँकदराने बिरमध्ये’ असं वाक्य होतं आणि त्यांच्या करारात थेट बिरचा आकडा होता. २०१० च्या सप्टेंबरात सरकारने बिरचं अवमूल्यन केलं. त्या महिन्यात मला गेल्या महिन्यापेक्षा जास्त बिर मिळाले, त्यांना तेवढेच. ते वहीत आकडे मांडून बसले होते. मला म्हणाले, ‘सर, मी तर काहीच चूक केली नाही.’ खरंच केली नव्हती. सही करताना एक ओळ नीट वाचली नव्हती, एवढंच. मीही वाचली नव्हती. माझ्या नशिबात चांगली ओळ आली.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. २०१७ च्या ऑक्टोबरात बिर पुन्हा १५ टक्क्यांनी खाली आणला गेला. २९ जुलै २०२४ ला तर सरकारने दर बाजारावर सोडून दिला. त्याआधी डॉलरला ५७ बिर होते, काही आठवड्यांत शंभरावर गेले. ९५० डॉलर म्हणजे ५४,१५० बिर असं कुणी करारात लिहून दिलं असतं, तर शंभराच्या दराने त्याचे ५४१ डॉलर उरले. म्हणून करारात आकडा डॉलरमध्येच हवा आणि ‘पगाराच्या दिवशीच्या दराने’ हे शब्द हवेत.

पैसे बाहेर पाठवण्याचं काय? माझ्या वेळी पगाराचा ठरावीक हिस्साच पाठवता यायचा. त्यासाठी विद्यापीठाचं पत्र, कराराची प्रत, पासपोर्ट, आणि एवढं सगळं घेऊन बँकेत गेलं की काउंटरवरचा मुलगा नम्रपणे सांगायचा, डॉलर आले की कळवू. एकदा चार महिने कळवलं नाही. घरी हप्ता थकला, बायकोने स्वतःच्या पाटल्या ठेवून भरला. २०२४ नंतर परकीय चलनाचे नियम बरेच सैल झाले आहेत, पण ‘दरमहा पगाराचा किती टक्के भाग भारतात पाठवता येईल आणि ती कागदपत्रं कोण करून देणार’ हे विचारूनच पाय उचला. तुमच्या घरी गृहकर्ज असेल तर निदान सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढून ठेवा.

आता ‘कोणतं विद्यापीठ ते आल्यावर कळेल’. याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. इथिओपिया म्हणजे एक गाव नव्हे. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ उत्तरेकडच्या तिग्राय प्रदेशात युद्ध होतं. ते शांतता कराराने थांबलं, तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये अम्हारा प्रदेशात आणीबाणी लावावी लागली. ओरोमियाच्या काही भागांत वर्षानुवर्षं चकमकी सुरू आहेत. त्याच देशात हवासा, अरबा मिंच, जिम्मा अशी गावं आहेत, तिथे आठवडाभर कॉलेज, संध्याकाळी तळ्याकाठी किंवा बाजारात फेरी, असं आयुष्य लोकांनी काढलं आहे. अम्हारातलं गोंदार किंवा बाहिर दारसारखं नाव आलं तर गाव सुंदर म्हणून हुरळून जाऊ नका, आपल्या वकिलातीच्या ताज्या सूचना वाचा. नाव कळल्याशिवाय यातलं काही तपासताच येत नाही. मिस्टर घरी इंटरनेटवर वाट बघत बसतील, तर तेही ऐकून ठेवा: तिथे गडबडीच्या काळात, आणि पूर्वी तर बोर्डाच्या परीक्षेच्या वेळीसुद्धा, इंटरनेट बंद पडलेलं आहे.

एजंटचं लवकर उरकतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर परवाना क्रमांक तपासता येतो. ७५,००० मागणारा माणूस एकतर नियम मोडतोय किंवा त्याच्याकडे परवानाच नाही. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असं म्हणाला तर फोन ठेवा. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातल्या कुणी तुमची मुलाखत घेतली का, हे पत्रात कुठेच नाही. घेतली नसेल तर ऑफर नेमकी कुणाची आहे?

आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती. तुम्ही लिहिता, ‘दोन वर्षांचा परदेशी अनुभव मिळेल, परत आल्यावर उपयोगी पडेल.’ उपयोगी पडेल का, हे पगारावरच अवलंबून आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत मागची सेवा नव्या नोकरीत धरण्याची अट आहे. सेवा देशातली असो वा परदेशातली, चालते. पण ती कंत्राटी असेल, आणि तुमची कंत्राटीच असणार, तर तीन गोष्टी लागतात. पात्रता कमी नसावी, रीतसर निवड समितीने नेमलेलं असावं, आणि एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या महिन्याच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावा. आपल्याकडे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे. सगळं धरलं की आकडा ९० हजारांच्या आसपास किंवा वर जातो. तुमचे ९५० डॉलर ८५ च्या दराने ८०,७५० होतात.

म्हणजे कमी पगाराची झळ तिथे असताना बसते ती वेगळीच, ती परत आल्यावर छाननी समितीच्या टेबलावर पुन्हा बसू शकते. सेवा धरणं आणि मुलाखतीसाठी गुण मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छाननीच्या तक्त्यात अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. पण तिथेही कागद मागतात. यावर मार्ग आहे. घर फुकट मिळत असेल तर करारात ‘घर, किंवा दरमहा इतके डॉलर घरभाडे’ असं लिहून घ्या, म्हणजे एकूण पगाराचा आकडा वर जातो. नेमणूकपत्रावर ‘इंग्लिश इन्स्ट्रक्टर’ असं मोघम नको, ‘लेक्चरर’ किंवा ‘असिस्टंट प्रोफेसर’ हवं. तिथे लेक्चरर आणि असिस्टंट प्रोफेसर हे वेगळे हुद्दे आहेत, दुसऱ्याला बहुधा पीएच.डी. लागते. निवड समितीच्या शिफारशीवरून नेमणूक झाली, हे वाक्यही नेमणूकपत्रात घालायला सांगा. नोकरी सोडताना या गोष्टींचे कागद गोळा करायला गेलात तर तिथला कारकून तुम्हाला क्लिअरन्सचा फॉर्म देईल: ग्रंथालय, भांडार, घर, विभाग, वित्त, प्रत्येकाची सही. माझ्या फॉर्मवर अकरा सह्या झाल्या, आणि खडूच्या खोक्याची नोंद सापडेना म्हणून बारावी अडली होती. अशा वेळी अनुभवाच्या दाखल्यातला मजकूर सुधारून मागायला अंगात त्राण राहत नाही.

नोकरी टिकेल का, याबद्दल एक अंदाज देतो. भारतीय मास्तरांची तिथली मागणी नव्या विद्यापीठांच्या लाटेवर वाढली होती, मीही त्याच लाटेतला. २०२२ पासून चित्र बदललं. पेपरफुटी आणि कॉपी थांबवायला बारावीची परीक्षा विद्यापीठांच्या आवारात घ्यायला लागले, आणि पहिल्याच वर्षी ५० टक्क्यांची रेघ ओलांडणारे सुमारे ३.३ टक्के निघाले. पुढच्या वर्षी ३.२. कुठे लाखो मुलं आणि कुठे हे आकडे. खाली राहिलेल्यांतल्या काहींसाठी विद्यापीठांनी उजळणीचे वर्ग काढले. पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी संभाषण कौशल्याचा विषय सक्तीचा आहे, आपल्यासारख्यांची भाकरी त्यावर होती. मुलं कमी आली की तुकड्या कमी, तुकड्या कमी की पहिली कात्री परदेशी करारावर. त्यामुळे ‘दोन वर्षं’ हा शब्द मी तरी ‘एक वर्ष आणि पुढचं पुढे’ असाच वाचतो. करारात मुदतीआधी काढल्यास किती महिन्यांची नोटीस आणि परतीचं तिकीट कोणाचं, हे बघा. तुम्ही स्वतः मधेच सोडल्यास दंड किती, तेही बघा.

शिकवण्याचं काय विचाराल तर मला तिथे इतकं समाधान मिळालं की आजही नावं आठवतात. वर्गात पन्नास-साठ मुलं, कुणाची भाषा ओरोमो, कुणाची अम्हारिक, कुणाची सिदामा, कुणाची वोलाइता. आपसात बोलायलासुद्धा त्यांना मोडकं इंग्रजी लागायचं, त्यामुळे ती भाषा तिथे खरोखर कामाची होती, आपल्याकडच्यासारखी फक्त पेपरापुरती नाही. पुस्तक वर्गात एकच. मी हाताने लिहिलेलं पान मुलांचा मॉनिटर फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पन्नास जणांकडे माझं वळणदार अक्षर पोचलेलं असायचं. तिथले सहकारी प्राध्यापक तुमच्यापेक्षा कितीतरी कमी पगारात तेच काम करतात. तुमच्या ९५० ला तुम्ही कमी म्हणाल तेव्हा स्टाफरूममध्ये आवाज जरा खाली ठेवा.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. वेळापत्रकात ‘२.३०’ लिहिलं होतं म्हणून मी जेवून, झोपून दुपारी अडीचला गेलो. वर्गाला कुलूप. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे अडीच म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. पंचांगही निराळं: तेरा महिने, वर्ष आपल्या सप्टेंबरात सुरू, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. तेरावा महिना पाग्युमे, पाच किंवा सहा दिवसांचा, त्याचा पगार नसतो. ही गंमत म्हणून सांगत नाही. करारावरची तारीख कोणत्या पंचांगातली आहे ते बघा. एकाने मुदत संपण्याची तारीख आपल्या कॅलेंडरची समजून परतीचं तिकीट काढलं होतं.

जेवणाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण घरच्यांनी नक्की काढली असेल. शाकाहारी माणसाला तो देश जड नाही. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, त्या दिवशी खानावळीत मांस-दूध बंद, सगळीकडे डाळी आणि भाज्या. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलं, तिखटही तसंच. इन्जेराची, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या डोशासारख्या भाकरीची, आंबट चव आवडायला मला पंधरा दिवस लागले, मग सुटली नाही. प्रेशर कुकर मात्र इथून न्या. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. रिंग आणि शिट्टी दोन-दोन न्या. ‘राहायला घर’ याचा अर्थ विचारताना पाण्याचं विचारा. आमच्याकडे नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, उरलेले दिवस पिवळ्या जेरिकॅनवर.

तुम्ही एकट्या जाणार, म्हणून आवाराच्या आतलं घर मागा. गावात भाड्याने घेऊ नका, पहिलं वर्ष तरी. मुलीला लगेच नेऊ नका. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा अदिसबाहेर मिळेल अशी आशा धरू नका. तिला इथे कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ते ठरवा. माझा धाकटा तेव्हा चौथीत होता. चार वर्षांत मी त्याला तीनदा भेटलो.

दोन सरकारी गोष्टी. पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला चिकटवल्यासारखं जपा. परतताना मुंबईला ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दुसरी गोष्ट प्राप्तिकराची. नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिली तर ती अनिवासी ठरते आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात. त्यांचं वर्ष सप्टेंबरातच सुरू होतं, एजंट ‘ऑक्टोबरात निघू’ म्हणतो. चार दिवस आधी निघण्याने त्या वर्षीची कटकट वाचते. गेल्यावर बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई खातं उघडा.

तेव्हा एजंटला वगळून विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाला आणि इंग्रजी विभागप्रमुखाला एकच ईमेल लिहा. विद्यापीठाचं नाव आणि आवार, हुद्दा, बारा महिने की दहा, कर कापून किती, डॉलरचा दर कोणत्या दिवसाचा, भारतात किती पाठवता येईल, घर आवारात आहे का, तिकीट कोणाचं, नोटीस किती. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा आणि जूनमध्ये तासिकांचा अर्ज भरा. उत्तर आलं तर कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठवा. तारखा त्यांच्या पंचांगात असतील तर तशाच राहू द्या, मी आपल्या करून देतो.